घरच्यांना आवडेल असा डाळी-कडधान्यांचा पौष्टिक खाऊ : वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी

संध्याकाळी लेकरू शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि विचारतं, "अम्मी, खायला काय आहे?" डब्यात काही नसलं की हातात दहा रुपये पडतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चटपटीत पाकीट येतं. रात्री दस्तरखानावर डाळ-भाजी दिसली की अब्बू विचारतात, "आज गोश्त नाही?" त्याच घरात दादीला शुगर असते, अब्बूंची बीपीची गोळी चालू असते आणि मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालेलं असतं. चूल मात्र एकच. अशा घरात सगळ्यांना चालेल आणि सगळे खातील असं काय करायचं, याची ही माहिती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गोश्त बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस आणि रोजचा मधल्या वेळचा खाऊ डाळी, कडधान्यं, तेलबिया आणि भाज्यांचा असावा, एवढंच म्हणणं आहे. आणि हे जमण्याचं गमक सोपं आहे : घरच्यांची जीभ मसाल्याला, भाजल्याच्या वासाला आणि कुरकुरीतपणाला सरावलेली असते. तेवढं तसंच ठेवा, आतला माल बदला.

माल आपल्याच जिल्ह्यातला

वर्धा जिल्ह्यात खरिपाला कापूस, सोयाबीन आणि तूर, तर रब्बीला चना आणि गहू पिकतो. १०० ग्रॅम तूर किंवा चना डाळीत साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिन असतं, सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमच्या वर. म्हणजे प्रथिनासाठी महागडा डबा आणायची गरज नाही. पण आपलं सोयाबीन जातं तेलाच्या कारखान्यात, त्याची ढेप जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि आपण आणतो पाकीट.

सोयाबीन माणसांच्या ताटात आणायचा प्रयत्न वर्ध्यात फार पूर्वी झाला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांवर तिथे भर होता. १९३५ मध्ये तिथल्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग झाला आणि गांधीजींनी त्याविषयी 'हरिजन'मध्ये लिहिलं.

हळदही आपलीच आहे. गिरडला बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर जाणाऱ्यांना समुद्रपूर तालुका ठाऊक असतो. त्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

खाली दिलेल्या मापात वाटी म्हणजे आमटीची साधी वाटी, साधारण १५० मिलीची.

१. सोया-चना शामी (१२ ते १४ नग)

गोश्त मागणाऱ्यांसाठी सुरुवात इथून करा. शामीत चना डाळ असतेच, त्यामुळे बदल फारसा जाणवत नाही.

- १ वाटी चना डाळ तासभर भिजवा. पाणी काढून तिच्यात १ कांदा, आलं-लसूण, ३ सुक्या मिरच्या, २ लवंगा, ४ मिरे, १ मोठी वेलची, दालचिनीचा तुकडा, पाऊण चमचा मीठ आणि १ वाटी पाणी घाला. कुकरला २-३ शिट्ट्या काढा. पाणी उरलं तर आटवून टाका.
- १ वाटी सोयावडीचा चुरा गरम पाण्यात १० मिनिटं ठेवा. दोनदा धुवून मुठीने घट्ट पिळा.
- दोन्ही एकत्र वाटा. सांबार (कोथिंबीर), पुदिना, हिरवी मिरची, लिंबू आणि २ मोठे चमचे फुटाण्याच्या डाळीचं पीठ घालून मळा.
- टिक्क्या करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करा.

आमच्याकडे पहिल्या वेळी सोया नीट पिळला गेला नाही. कबाब तव्यावरच फुटले आणि कोणी हात लावला नाही. म्हणून पिळण्याचं काम घाईत करू नका. घरात जास्तच कुरकुर होत असेल तर पहिल्यांदा अर्धा कीमा, अर्धा सोया करा आणि दर वेळी कीमा थोडा कमी करत जा.

२. मुरमुरे-फुटाण्याचा चिवडा (पाकिटाच्या जागी)

४ वाट्या मुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजून काढा. त्याच कढईत २ चमचे तेल, पाव वाटी फल्ली, कढीपत्ता, हळद आणि तिखट परता. अर्धी वाटी फुटाणे आणि मुरमुरे घाला, पाव चमचा मीठ आणि थोडा आमचूर टाका. थंड झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर सादळतो. मुरमुऱ्यांऐवजी ज्वारीच्या लाह्या घेतल्या तर आणखी चांगलं.

मुलांना पाकिटात आवडतो तो कुरकुरीतपणा आणि आंबट-तिखट चव. ती इथे मिळते. पाकीट घेतलंच तर मागची यादी वाचायची सवय लावा. ज्याचं वजन जास्त, ते नाव यादीत आधी येतं. तेल, साखर किंवा मैदा पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर काय विकत घेतलं ते कळतं.

३. दुधी-ज्वारीच्या मुठिया (टिफिनसाठी)

१ वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, १ वाटी किसलेला दुधी, आलं-लसूण-मिरची, हळद, तीळ, मीठ, १ चमचा तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस. दुधीला पाणी सुटतं, म्हणून आधी मळा आणि गरज पडली तरच पाणी घाला. लांबट गोळे करून १५ ते २० मिनिटं वाफवा. थंड झाल्यावर कापा आणि २ चमचे तेलात मोहरी-तिळाची फोडणी देऊन परता. मेथीच्या दिवसांत दुधीऐवजी मेथी घ्या, मग पीठ भिजायला थोडं पाणी लागेल.

दुधीला नाक मुरडणाऱ्या मुलांना हेही सांगा, की प्रेषित मुहम्मद (स.) यांना दुधी आवडत असे. हजरत अनस (र.) यांनी ते सांगितलं आहे.

४. जवस-फल्ली-तिळाची चटणी

१ वाटी जवस, अर्धी वाटी फल्ली, पाव वाटी तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजा. जवस तडतडला की लगेच उतरवा, करपला तर कडू होतो. ६-७ सुक्या मिरच्या, ८-१० लसूण पाकळ्या, जिरे आणि मीठ घालून जाडसर कुटा. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. जवसात ओमेगा-३ प्रकारचं तेल असतं, तिळात कॅल्शियम भरपूर. भाकरी, खिचडी, वरण-भात, सगळ्यासोबत चालते. भाजी न खाणाराही चटणी खातो.

५. खजूर-तिळाचे लाडू (इफ्तार आणि परीक्षेच्या दिवसांसाठी)

बिया काढलेला १ वाटी खजूर, अर्धी वाटी फल्लीचा कूट, पाव वाटी भाजलेले तीळ, २ चमचे जवसाची पूड. कुटून छोटे १०-१२ लाडू वळा. साखर घालायची नाही. पण खजूर गोडच असतो, म्हणून शुगर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. इफ्तारला पकोड्यांच्या ताटाशेजारी उकडलेल्या चण्यांची कांदा-लिंबू घातलेली चाट ठेवा. पकोडे आपोआप कमी संपतात.

न खाणाऱ्यांना कसं वळवायचं?

- "आजपासून हेल्दी" अशी घोषणा करू नका. नवीन पदार्थ ओळखीच्या पदार्थाशेजारी थोडासाच वाढा.
- एकदा नाही म्हटलं म्हणून सोडू नका. लहान मुलाला नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते.
- बळजबरी नको, बक्षीसही नको. काय आणि कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने.
- टिक्क्या थापायला, लाडू वळायला मुलांना बसवा. स्वतः केलेलं सहसा खाल्लं जातं.
- मुलगा अब्बूंचं ताट बघतो. अब्बूंनी नाक मुरडलं की सगळी मेहनत वाया.

ही काळजी घ्याच

- सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान २० मिनिटं उकळा. पिठात मिसळायचं तर असं उकडून, वाळवून दळा आणि ९ किलो गव्हाला १ किलो घ्या.
- थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं. किडनीच्या रुग्णांनी प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.
- पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी फल्ली किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. फल्ली-तिळाची ॲलर्जी असेल तर ते टाळा.
- डाळ-भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणासोबतचा चहा तेच लोह अडवतो. चहा तासभराने घ्या.
- वनस्पतीजन्य अन्नातून बी-१२ मिळत नाही. दूध, अंडी, गोश्त थोडंफार चालू असेल तर सहसा भागतं. सगळंच सोडणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.
- मोठ्यांसाठी दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, चिवडा सगळं त्यातच आलं.
- तळणीचं काळं पडलेलं तेल पुन्हा वापरू नका.

एकाच आठवड्यात पाचही पदार्थ करायला जाऊ नका. या जुम्याला चटणी करा, पुढच्या आठवड्यात शामी. एक पदार्थ घरात रुळला की दुसरा. महिना-दोन महिन्यांत लेकरू दप्तर टाकून डब्याकडे वळलं, तर समजा काम झालं.