ओस गिरण्या आणि भिंतींवरची अक्षरे

मुंबईतील बंद गिरण्यांची छायाचित्रे पुष्कळ काढली गेली. गंजलेली दारे, भिंत फोडून वर आलेला पिंपळ, पडक्या खात्यात रंगवलेले भडक चित्र! छायाचित्रे देखणी असतात. पण त्यांत माणूस क्वचितच दिसतो. ही जागा कोणाच्या जाण्याने ओस पडली, हे विचारले तरच छायाचित्र इतिहासाचे साधन ठरते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. गिरणगाव म्हटले की कोकणातला आणि घाटावरचा कामगार आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले. त्यांच्यातले अनेक जण हातमाग सोडून गिरण्यांच्या विणाई खात्यात गेले. गिरणगावाच्या आठवणींत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो.

इमारतही बोलते. विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. त्याच्या काचा उत्तरेकडे असत, म्हणजे ऊन आत न येता सारखा उजेड मिळे. धागा तुटू नये म्हणून आतली हवा दमट ठेवत. त्या दमट हवेत कामगार दिवस काढत असे.

याच खात्याची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे दलित कामगारांना तिथे काम नाकारले जाई. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे सूत खाते येई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी या बंदीचा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आपला वारसा सांगताना ही भिंतही दाखवायला हवी. ती कोणत्याच छायाचित्रात येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर हजारो कामगार परतलेच नाहीत. मागाचा धंदा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे अधिकाधिक वळला. गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि घरांना द्यावा, असा १९९१ चा नियम होता. २००१ मध्ये तो बदलून वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. मग टॉवर उठले. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या आवारात शोभेची वस्तू झाली.

भिंतींवर मात्र एकावर एक थर आहेत. खाली संपाच्या घोषणा, त्यावर जाहिरातीचा रंग, त्यावर नव्या पोरांची चित्रे. ही चित्रे काढणाऱ्यांशी आपले भांडण नाही. ओस भिंतीला हात लावावासा वाटणे स्वाभाविकच आहे. पण छायाचित्र घेणाऱ्याने गिरणीचे नाव, खाते आणि तारीख नोंदवावी, खालचे पुसट अक्षरही टिपावे.

बाकीचे काम आपले आहे. मदनपुऱ्यातल्या ज्या घरांत विणाई खात्यात राबलेले दादा-नाना आज हयात आहेत, तिथे ही छायाचित्रे घेऊन नातवंडांनी बसावे आणि विचारावे, ‘तुमचा माग कुठे होता?’ मिळेल ते उत्तर, उर्दूत वा मराठीत, लिहून ठेवावे. इमारती आपल्या हाती नाहीत. साक्ष अजून आहे.