दूरदेशीची खरेदी

परदेशी गेलेला माणूस घरी परतला की घरातली मंडळी आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मग लगेच त्याच्या बॅगेकडे. "काय आणलंस?" हा प्रश्न विचारला जात नाही असे घर मला तरी ठाऊक नाही. कुणी रेशमी रुमाल आणतो, कुणी लाकडी बाहुली, कुणी भिंतीवर लावायची तसबीर. या खरेदीला आपण हौस म्हणतो आणि विषय तेथेच संपवतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मात्र तो तेथे संपवता येत नाही. दूरदेशीची वस्तू आपल्या फळीवर येऊन बसते, तेव्हा ती कोणत्या वाटेने आली हा प्रश्न त्याला पडतो. आज या वाटांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्यासाठी आपल्या रत्नागिरीपासून फार लांब जावे लागणार नाही.

पहिली गोष्ट दाभोळची. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले हे गाव आज शांत दिसते. पण पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, ते पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. होर्मुझ, एडन, मक्का इकडची गलबते येथे लागत, अरबी घोडे उतरत आणि इकडचे कापड व मसाले चढत. त्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला आणि चौलला उतरला. त्याचा हिशेब सरळ होता. घोडा विकायचा आणि त्या पैशांत आपल्या देशात खपेल असा माल घ्यायचा. जुन्नरला तेथल्या खानाने घोडाच काढून घेतला. तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला आणि अखेर बीदरकडे विकला गेला. पण खरेदीच्या बाबतीत निकितीनची पुरती निराशा झाली. तो लिहितो की मला लोकांनी खोटे सांगितले; आमच्या देशाला उपयोगी पडेल असा माल येथे नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बाजाराला गेलेल्या माणसाची ही तक्रार पाचशे वर्षांपूर्वीची आहे, पण ओळखीची वाटते की नाही पाहा!

परत जाताना तो दाभोळलाच जहाजावर चढला. वाऱ्याने जहाज भलतीकडे, हबसाणाच्या किनाऱ्याला नेले. तेथून मस्कत, होर्मुझ आणि मग खुष्कीने काळ्या समुद्रापर्यंत. तेथे त्रेबिझोंद गावी अधिकाऱ्यांनी हेर समजून त्याच्या सामानाची झडती घेतली, आणि जी काही बारीकसारीक चीजवस्तू होती ती लुटून नेली. पुढे घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. त्याच्या प्रवासातून मागे राहिली ती त्याची टिपणवही. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ती आज जगभर वाचली जाते. आणि दाभोळ? 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळले.

निकितीनच्या वस्तू गेल्या, त्या एका माणसाच्या वस्तू होत्या. दुसरी गोष्ट एका राजाची आहे, आणि ती रत्नागिरी शहरातच घडली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1878 मध्ये गादीवर आला आणि 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन झाला. 1886 च्या एप्रिलमध्ये त्याला राण्यांसह आपल्या गावी आणून ठेवले. आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो वाडा पुरा व्हायला 1910 साल उजाडले. राजाला तो जेमतेम सहा वर्षे लाभला. 1916 च्या डिसेंबरात तो येथेच वारला, आणि त्याची समाधीही येथेच आहे.

मंडालेचा राजवाडा सोडताना जे हाताशी आले तेवढेच त्याने बरोबर घेतले होते. मागे राहिले ते लुटीत गेले. नामांकित मोठे माणिक एका इंग्रज कर्नलने सांभाळून ठेवण्यासाठी म्हणून घेतले आणि परत दिले नाही, अशी तक्रार राजाने पुढे आपल्या अर्जांतून केली. ते माणिक कोठे गेले याचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. जे जडजवाहीर बरोबर आले होते त्याचे काय झाले? पेन्शन पुरेना, खर्च राजाचा आणि हिशेब ठेवण्याची सवय नाही. तेव्हा एकेक नग गावातल्या सराफ-सावकारांकडे जात राहिला. घेणाऱ्याने पैसे मोजले, तेव्हा कायद्याने ती खरेदीच. पण देशोधडीला लागलेला विकणारा आणि त्याची गरज ओळखून बसलेला घेणारा यांच्यातल्या व्यवहाराला सौदा म्हणताना जीभ थोडी अडखळते. ब्रह्मदेशच्या खाणीतले माणिक त्या काळी रत्नागिरीत घरबसल्या मिळत होते. समुद्र ओलांडण्याचीही गरज नव्हती.

मंडालेहून नेलेल्या इतर वस्तूंची कथा याहून चमत्कारिक आहे. राजचिन्हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या वस्तुसंग्रहालयात गेली. सिंहांच्या आकृती असलेले सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1945 मध्ये, मंडालेचा लाकडी राजवाडा जळून गेला आणि आतली उरलेली सिंहासनेही त्याबरोबर गेली. कलकत्त्याला नेलेले तेवढे वाचले. ते 1948 मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाला परत देण्यात आले. राजचिन्हे 1964 मध्ये परत गेली. म्हणजे पळवून नेली म्हणून एक वस्तू वाचली! इतिहासात असे हिशेब पुष्कळ येतात. अशा वेळी लूट चांगली होती असे म्हणायचे नसते. वस्तू वाचली याचे समाधान मानायचे आणि ती परत गेली याचे अधिक.

आता तिसरी गोष्ट. ती माझ्या घरातली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

ज्या काळात ब्रह्मदेशच्या राजघराण्याचे लोक रत्नागिरीत दिवस काढत होते, त्याच काळात आणि त्यानंतरही आपल्याकडची माणसे पोटासाठी रंगूनला जात होती. 1937 पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता. युद्धापूर्वीच्या रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची होती. माझे आजोबा तेथे एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. 1936 च्या सुमारास रजेवर घरी येताना त्यांनी आजीसाठी एक डबा आणला. उंच, गोल, तांबड्या रंगाचा, अंगावर काळी-पिवळी बारीक नक्षी, आणि आत एकावर एक बसणाऱ्या दोन थाळ्या. ब्रह्मी लोकांचा तो पानाचा डबा. आजी पान खात नसे. तिने त्यात सुईदोरा ठेवला, आणि माझ्या लहानपणीही त्यात सुईदोराच होता.

तो डबा आजोबांनी रंगूनच्या स्कॉट मार्केटात एका बाईकडून घेतला होता. ब्रह्मदेशात बाजार बायकाच चालवतात. तिने चार रुपये सांगितले. आजोबांनी दोनदा उठून जाण्याचा आव आणला आणि अडीच रुपयांना सौदा तोडला. "दीड रुपया वाचवला म्हणून मी आठ दिवस खूश होतो," असे ते सांगत. पुढे वखारीच्या कामाने त्यांना इरावतीवरून वर जावे लागले, आणि वाटेत पगानला मुक्काम पडला. हे गाव अशा डब्यांसाठी प्रसिद्ध. 1924 पासून तेथे हे काम शिकवणारी सरकारी शाळाही होती. तेथल्या एका घरात त्यांनी काम बघितले.

आपण त्याला लाखकाम म्हणतो खरे, पण आपली लाख किड्यापासून मिळते आणि ब्रह्मदेशातली ती एका झाडाचा चीक असते. बांबूच्या बारीक पट्ट्या गुंडाळून किंवा विणून डब्याचा सांगाडा करतात. फारच उंची वस्तू असेल तर बांबूबरोबर घोड्याचे केसही विणतात. त्यावर चिकाचा हात द्यायचा, आणि डबा जमिनीखालच्या थंड, दमट तळघरात वाळायला ठेवायचा. वाळला की घासायचा आणि पुन्हा हात द्यायचा. असे कितीतरी वेळा. मग लोखंडी टोच्याने नक्षी कोरायची, त्यात एक रंग भरायचा, वाळवायचा, पुसायचा. मग दुसऱ्या रंगासाठी पुन्हा कोरायचे. एका चांगल्या डब्याला महिने लागतात. उत्तम वाटीची पारख अशी की तिच्या दोन कडा बोटांनी दाबून एकमेकींना टेकवाव्या. ती मोडत नाही, सोडल्यावर पुन्हा गोल होते.

हे पाहून आजोबा गप्प झाले. घरी परत गेल्यावर ते स्कॉट मार्केटात त्या बाईला शोधायला गेले. ती जागा आता दुसऱ्या कुणाकडे होती. तेव्हा त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणखी एक डबा घेतला, आणि सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली. हा दुसरा डबा आम्ही कधी पाहिला नाही. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर जपानी बाँब पडले, मार्चमध्ये शहर पडले, आणि लाखो हिंदी लोक मिळेल त्या वाटेने मायदेशी निघाले. कित्येक वाटेतच कॉलऱ्याने आणि उपासाने मेले. आजोबा आराकानचे डोंगर पायी ओलांडून अक्याबला आणि तेथून बोटीने चितगावला आले. अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हते. पुरे पैसे देऊन घेतलेला डबा रंगूनला राहिला; घासाघीस करून घेतलेला आमच्या घरी आहे. आजी कधी चिडली की म्हणे, "अहो, तो दीड रुपया काही तुम्हाला सोडत नाही बघा!"

आता या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. निकितीनने ऐकीव माहितीवर भरवसा ठेवला. राजाच्या वस्तू लुटीने आणि गरजेपोटी गेल्या. आजोबांनी पैसे मोजून वस्तू घेतली, पण ती कशी बनते हे त्यांना नंतर कळले. मला वाटते, परदेशी खरेदी करणाराने किंमतीच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. ही कुणी बनवली? आणि ही येथे कशी आली?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व आपल्याच कोकणात दिसते. सावंतवाडी 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तेथल्या दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने, सगळी हाताने रंगवलेली. छापील पत्ते आले, खेळणारे गेले आणि चिताऱ्यांचे काम बसले. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी 1970 नंतरच्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली आणि ही कला पुन्हा उभी केली. आज गंजिफा घेणाऱ्यांपैकी खेळणारे थोडे. बहुतेक आठवण म्हणून नेणारे, आणि त्यांत परदेशी प्रवासीही आले. ज्या पाहुण्याला आपण हौशी म्हणून हसतो, त्याच्या पैशाने येथल्या चिताऱ्याची चूल पेटते. आपण दुसऱ्याच्या देशात जातो तेव्हा तेथले पाहुणे आपणच असतो. यंत्रावर छापलेली, भलत्याच देशात तयार झालेली वस्तू 'येथली खास' म्हणून गळ्यात मारणारे दुकानदार सगळीकडे आहेत. म्हणून शक्य असेल तर कारखान्यात जावे, हात चालताना बघावे, आणि घासाघीस करायचीच तर ती दुकानदाराशी करावी, कारागिराशी नको.

दुसरा प्रश्न जुन्या वस्तूंचा. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे किंवा कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. इतर अनेक देशांतही असे निर्बंध आहेत. तेव्हा परदेशातल्या गल्लीत कुणी हळूच "जुनी आहे, देवळातली आहे," असे म्हणू लागला, की तेथून उठावे. खोटी असेल तर आपण फसलो, आणि खरी असेल तर चोरीत सामील झालो. हस्तिदंताचेही तसेच. 1989 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. हत्तीचा जीव गेल्याशिवाय ती कोरीव पेटी बनत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी नोकरीसाठी परदेशी जायला निघाला, तेव्हा निरोप घ्यायला घरी आला होता. "सर, तुमच्यासाठी काय आणू?" त्याने विचारले. मी फळीवरचा डबा काढून त्याच्या हातात दिला. झाकणाची कड अंगठ्याने हळूच दाबून पाहायला सांगितली. ती आत गेली आणि सोडल्यावर जागेवर आली. मग त्याला दीड रुपयाची गोष्ट सांगितली. म्हटले, "आणायचंच तर काहीही आण, लहानसं चालेल. पण ज्यानं केलं त्याचं नाव विचारून ये."