पैलवान बदलले, बोंब तीच

पंचाच्या निकालावरून महाराष्ट्र केसरीत राडा झाला, ही काही एकदाची गोष्ट नाही.

जानेवारी 2023, पुणे. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला टांग डावाचे 4 गुण मिळाले अन् सिकंदर शेख हरला. डाव पूर्ण बसलाच नव्हता म्हणत व्हिडिओ गावोगाव फिरले. पारावर जो तो पंच झाला.

2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल आला. पाठ टेकलीच नाही म्हणत शिवराजनं पंचांना लाथ मारली. पुढं पृथ्वीराजशी अंतिम लढत चालू असताना महेंद्रच पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. शिवराज अन् महेंद्र, दोघांवर 3 वर्षांची बंदी.

म्हणजे 2023 ला निकाल ज्याच्या बाजूनं गेला, तोच 2025 ला अन्याय झाला म्हणत होता!

लाथेचं समर्थन नाहीच. पण आपल्याकडं जत्रेच्या फडात पाठ टेकलेली चारी बाजूंनी बसलेलं गाव बघतं. गादीवर तर कॅमेरे असतात. मग वादाचा क्षण विजेत्याचा हात वर करायच्या आधी तिथंच सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवा की. पैलवानांना शिक्षा झाली, पद्धत कधी सुधारणार?