अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणमीमांसा

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील तेरा ब्रिटिश वसाहतींनी ब्रिटिश साम्राज्यसत्तेविरुद्ध केलेल्या उठावाच्या (१७७५–८३) कारणांचे विवेचन. या उठावातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उदय झाला. प्रतिनिधित्वाशिवाय लादलेले कर हे त्याचे सर्वपरिचित कारण होय. तथापि वसाहतींवरील प्रत्यक्ष करभार इंग्लंडमधील प्रजेच्या मानाने हलकाच होता. त्यामुळे कराच्या रकमेपेक्षा तो बसविण्याच्या अधिकाराचा प्रश्न या संघर्षाच्या मुळाशी होता, असे म्हणावे लागते.

पार्श्वभूमी : जेम्सटाउन (१६०७) येथील पहिल्या कायम वसाहतीपासून १७३२ मध्ये सनद मिळालेल्या जॉर्जियापर्यंत तेरा वसाहती निरनिराळ्या हेतूंनी स्थापन झाल्या. १७७५ च्या सुमारास त्यांची लोकसंख्या सु. २५ लाख होती व तीत सु. एक पंचमांश लोक आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. व्हर्जिनियात १६१९ मध्ये पहिली प्रतिनिधिसभा भरली. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी विधिसभा निर्माण झाली. कर बसविणे व खर्चास मंजुरी देणे हे अधिकार या सभांनी हळूहळू आपल्याकडे घेतले; अनेक वसाहतींत गव्हर्नरचे वेतनही सभेच्या मर्जीवर अवलंबून असे. मतदानाचा हक्क मालमत्ताधारक गोऱ्या पुरुषांपुरताच होता. तरी जमीन सहज उपलब्ध असल्याने त्यांचे प्रमाण इंग्लंडपेक्षा बरेच मोठे होते. अशा रीतीने दीड शतकात वसाहतवाल्यांना स्वशासनाची सवय जडली.

वाणिज्यवादी निर्बंध : वसाहतींनी मातृदेशाला कच्चा माल पुरवावा आणि त्याचा पक्का माल विकत घ्यावा, हे तत्कालीन वाणिज्यवादी धोरणाचे सूत्र होते. १६५१ पासूनच्या नौकानयन अधिनियमांनी वसाहतींचा व्यापार ब्रिटिश व वसाहतींच्या जहाजांपुरता मर्यादित केला. तंबाखूसारखा माल इंग्लंडमार्गेच परदेशी पाठविण्याचे बंधन घातले. लोकरी कापड (१६९९), टोप्या (१७३२) व लोखंडी वस्तू (१७५०) यांच्या उत्पादनावर वा व्यापारावरही निर्बंध आले. १७३३ च्या अधिनियमाने परकीय वेस्ट इंडीज बेटांतील काकवीवर दर गॅलनला सहा पेन्स जकात बसविली. न्यू इंग्लंडमधील रम मद्याचे कारखाने याच काकवीवर चालत असल्याने जकात चुकविणे हा तेथील नित्याचा व्यवहार झाला आणि अधिकाऱ्यांनीही त्याकडे कानाडोळा केला. अंमलबजावणीतील या शिथिलतेमुळे निर्बंध फारसे जाचक वाटले नाहीत.

सप्तवार्षिक युद्धाचे परिणाम : फ्रान्सविरुद्धच्या सप्तवार्षिक युद्धाने (१७५६–६३) ही स्थिती पालटली. १७६३ च्या पॅरिस तहान्वये कॅनडा ब्रिटनला मिळाला आणि वसाहतींना फ्रेंचांपासून असलेले भय संपले. त्याबरोबर ब्रिटिश लष्करी संरक्षणाची निकडही उरली नाही. याउलट ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सु. साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटी पौंडांच्या घरात गेले होते. नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सु. दहा हजार सैन्य ठेवण्याचे ठरले व त्याचा वार्षिक खर्च दोन लाख पौंडांवर जाणार होता. या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, ही मागणी ब्रिटिश मंत्र्यांना न्याय्य वाटत होती. त्याच वर्षी पाँटिॲक या आदिवासी नेत्याच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने ॲपालॅचिअन पर्वताच्या पश्चिमेस गोऱ्यांना वसती करण्यास मनाई केली. पश्चिमेकडील जमिनींवर डोळा ठेवून असलेले शेतकरी, व्हर्जिनियातील मळेवाले व जमिनीचे सट्टेबाज या बंदीने दुखावले.

करविषयक कायदे : पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल याने १७६४ मध्ये काकवीवरील जकात निम्म्यावर आणली; मात्र तिच्या वसुलीची कडक व्यवस्था केली. जकातीचे खटले ज्यूरीविना चालणाऱ्या नौ-न्यायालयांकडे देण्याची तरतूद झाली. त्याच वर्षीच्या चलन अधिनियमाने कागदी चलनावर निर्बंध घातल्याने आधीच मंदीत असलेले व्यापारी व कर्जदार अडचणीत आले. मार्च १७६५ मध्ये संमत झालेल्या मुद्रांक अधिनियमाने कायदेशीर दस्तऐवज, वृत्तपत्रे, पंचांगे, पत्त्यांचे जोड इत्यादींवर मुद्रांक सक्तीचा केला. वसाहतींवर पार्लमेंटने थेट बसविलेला हा पहिलाच अंतर्गत कर होता. त्याची झळ वकील, मुद्रक व व्यापारी या लोकमत घडविणाऱ्या वर्गांना सर्वांत आधी बसली. व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्रीने निषेधाचे ठराव मांडले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे एकत्र आले. ठिकठिकाणी जमावांनी मुद्रांक-वाटप अधिकाऱ्यांना राजीनामे देण्यास भाग पाडले आणि ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. मार्च १७६६ मध्ये हा अधिनियम रद्द झाला. परंतु त्याबरोबरच सर्व बाबतींत वसाहतींसाठी कायदे करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने स्वतंत्र अधिनियमाद्वारे घोषित केला.

चार्ल्स टाउनशेंड या अर्थमंत्र्याने १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद व चहा यांच्या आयातीवर जकात बसविली. तिच्या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे वेतन देण्याची योजना होती. विधिसभांच्या हातातील मुख्य अंकुशच त्यामुळे निखळणार होता. व्यापार-नियमनासाठी जकात मान्य, पण महसुलासाठी नाही, असा भेद जॉन डिकिन्सनने आपल्या पत्रमालेत स्पष्ट केला. १७६८ मध्ये बॉस्टन येथे सैन्य उतरविण्यात आले. ५ मार्च १७७० रोजी तेथे सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे चहाखेरीज इतर जकाती उठविण्यात आल्या. चहावरील जकात मात्र अधिकाराचे प्रतीक म्हणून राखण्यात आली.

चहाचा प्रश्न व भारताशी संबंध : १७७० च्या बंगालमधील भीषण दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली होती व तिच्या गोदामांत चहाचा प्रचंड साठा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने एकीकडे रेग्युलेटिंग ॲक्टद्वारे कंपनीच्या भारतातील कारभारावर नियंत्रण आणले, तर दुसरीकडे चहा अधिनियमाने तिला आपला चहा निवडक अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. मात्र स्वस्त चहा स्वीकारणे म्हणजे करही मान्य करणे, अशी वसाहतवाल्यांची धारणा झाली. स्थानिक व्यापाऱ्यांना मक्तेदारीची धास्ती वाटली. बंगालमधील कंपनीच्या कारभाराचे दाखले अमेरिकन पत्रकांतून इशाऱ्यादाखल दिले जाऊ लागले. १६ डिसेंबर १७७३ रोजी आदिवासींचा वेश घेतलेल्या लोकांनी बॉस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या.

वैचारिक कारणे : जॉन लॉकचा नैसर्गिक हक्कांचा सिद्धांत आणि इंग्लंडमधील सत्ताविरोधी पत्रककारांचे लेखन यांचा वसाहतींतील सुशिक्षितांवर खोल ठसा होता. संमतीशिवाय मालमत्ता घेणे ही गुलामगिरीची पहिली पायरी, असे ते मानीत. पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचे प्रतिनिधित्व करतो, हा ब्रिटिशांचा युक्तिवाद त्यांना पटला नाही. कारण त्यांच्या अनुभवात प्रतिनिधी आपल्या गावाला व परगण्याला जबाबदार असे. सार्वभौम सत्ता अविभाज्य आहे, असे ब्रिटिश विधिज्ञ मानीत, तर वसाहतवाल्यांच्या मते ती प्रत्यक्षात विभागलेलीच होती. हा पेच तडजोडीने सुटण्याजोगा राहिला नाही.

उठावाकडे वाटचाल : बॉस्टनच्या घटनेस उत्तर म्हणून लॉर्ड नॉर्थच्या सरकारने १७७४ मध्ये दडपशाहीचे कायदे केले. बॉस्टन बंदर बंद करण्यात आले व मॅसॅचूसेट्सच्या सनदेतील हक्कांचा संकोच झाला. एका वसाहतीवरील हा घाला सर्वांनाच आपल्यावरील वाटला. त्याच वर्षीच्या क्वेबेक अधिनियमाने ओहायो नदीपर्यंतचा प्रदेश क्वेबेकला जोडला व तेथील कॅथलिकांना सवलती दिल्या. त्यामुळे प्रॉटेस्टंट वसाहतींचा संशय वाढला. सप्टेंबर १७७४ मध्ये जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले व त्यांनी व्यापारी बहिष्काराचा निर्णय घेतला. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन व काँकर्ड येथे चकमकी झडल्या. तरीही राजनिष्ठेचे धागे तुटले नव्हते; त्याच वर्षी राजाकडे समेटाचा अर्ज पाठविण्यात आला. तिसऱ्या जॉर्जने वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केल्यावर आणि टॉमस पेनच्या कॉमन सेन्स (१७७६) या पुस्तिकेने राजसत्तेवरच आघात केल्यावर ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला.

मूल्यमापन : जॉर्ज बँक्रॉफ्टसारख्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांनी या उठावाकडे जुलमाविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा म्हणून पाहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काहींनी साम्राज्याच्या प्रशासकीय अडचणींवर, तर काहींनी आर्थिक वर्गहितांवर भर दिला. बर्नर्ड बेलिन याने १९६७ मध्ये पत्रकांच्या अभ्यासातून वैचारिक प्रेरणांचे महत्त्व प्रतिपादन केले. त्यानंतरच्या संशोधनाने शहरी कष्टकरी, स्त्रिया, आदिवासी व गुलाम यांच्याकडे लक्ष वेधले. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने राजपक्षास मिळणाऱ्या बंडखोरांच्या गुलामांना मुक्ती देऊ केली, तेव्हा दक्षिणेतील अनेक मळेवाले उठावाकडे अधिकच झुकले. संमतीच्या तत्त्वावर उभा राहिलेला हा उठाव वसाहतींतील पाचव्या हिश्शाच्या लोकांची संमती न घेता झाला. १८६१–६५ च्या यादवी युद्धापर्यंत ही विसंगती नव्या राष्ट्रास छळत राहिली. तथापि शासितांची संमती हाच शासनाच्या अधिकाराचा पाया, हे तत्त्व या उठावाने एका राज्याच्या स्थापनेस आधार म्हणून प्रत्यक्षात आणले आणि पुढे ज्यांना ते नाकारले गेले होते, त्यांनीही आपल्या लढ्यांत त्याचाच आधार घेतला.