सपाट रेषेची रात्र

शनिवार, १० डिसेंबर २००५, संध्याकाळी ७ च्या सुमारास
इंग्लंडमधल्या हेमेल हेम्पस्टेडजवळचा बन्सफील्ड तेलडेपो. ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनमधून पेट्रोल येऊ लागतं, तासाला साधारण साडेपाच लाख लिटर. टाकीत मावतं ६० लाख. राखणीला दोघं आहेत. एक गेज पातळी मोजून कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाठवतं आणि टाकी काठोकाठ आली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच वेगळा. या स्विचची चाचणी घेतल्यावर त्याच्या दांड्याला कुलूप लावावं लागतं, नाहीतर तो काम करत नाही. कुलूप लावलेलंच नव्हतं. ते कशासाठी असतं हेच तिथे कुणाला नीट उमगलं नव्हतं.

मध्यरात्र
टँकरसाठी डेपो बंद. साठ्याची मोजदाद दीडच्या सुमारास संपते. वावगं काही नाही.

पहाटे ३:०५
गेज अडकतं. पडद्यावरचा आकडा जागच्या जागी थांबतो. ऑगस्टअखेरपासून ते असं डझनाहून जास्त वेळा अडकलं होतं. पातळी वाढल्याचे तिन्ही अलार्म याच आकड्यावर अवलंबून, त्यामुळे तेही गप्प.

इथे जरा थांबतो, कारण माझं खरं भांडण या क्षणाशी आहे. बन्सफील्डचं गेज काही बॅटरीवर चालणारं नव्हतं. पण आज कारखान्यांत जे वायरलेस सेन्सर बसतात, ते एका सेलवर वर्षानुवर्षं चालवायचे असतात. त्यातला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बहुतेक वेळा तराजूसारखा चालतो: आधी मोठं वजन, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं, आणि दर तोलाला एक बिट. वीज वाचवायची तर तोलणंच कमी करायचं. म्हणून काही डिझाइनर म्हणतात, सिग्नल ठरावीक पायरी ओलांडेल तेव्हाच मोजा, एरवी झोपा. युक्ती झकास आहे. संथ बदलणाऱ्या टाकीला तर अंगच्या मापाची. फक्त ‘बदल नाही’ आणि ‘मी मेलोय’ हे दोन्ही निरोप तिच्या तोंडून सारखेच ऐकू येतात. म्हणून बदल असो-नसो, ठरल्या वेळी एक मोजणी झालीच पाहिजे, असा माझा हट्ट असतो. त्यासाठी बॅटरीचे चार दिवस गेले तरी चालतील. अर्थात एवढ्यानेही भागत नाही: अडकलेलं गेज मोजणीलाही जुनाच आकडा देईल. तो आत येणाऱ्या तेलाच्या हिशेबाशी ताडून पाहायला हवा. तीनपासून पुढे जवळपास १४ लाख लिटर आत पडलं आणि आकडा हलला नाही. हा हिशेब पाटीवरही जमला असता.

५:३७
टाकी भरून वाहू लागते. छताच्या झरोक्यांतून पेट्रोल खाली कोसळतं. थोड्याच वेळात सीसीटीव्हीत पांढरी वाफ दिसते. वारा पडलेला, त्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते.

५:५०
त्याच पाइपलाइनचा वेग वाढतो: तासाला नऊ लाख लिटरच्या आसपास.

६:०१
वाफ पाहून टँकर-ड्रायव्हरांनी कामगारांना सावध केलेलं असतं. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर आलं आहे. कुणीतरी आगीच्या अलार्मचं बटण दाबतं. त्यासरशी आग विझवण्याचा पाण्याचा पंप सुरू होतो आणि बहुधा त्याच्याच ठिणगीने वाफेचा ढग पेटतो. चाळीसहून जास्त जखमी. रविवारची पहाट असल्यामुळे असेल, पण मृत्यू एकही नाही. वीसहून जास्त टाक्या पेटतात. आग पाच दिवस जळते.