सुरतेचे भय आणि सुरतेचा शेजार

सुरतेहून बडोद्याकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडच्या लहानशा स्थानकात येते. एके काळचे हे नदीपलीकडचे खेडे आज सुरत महानगरात सामावून गेले आहे, आणि महापालिकेने गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या ‘कोसाड आवास’ या विस्तीर्ण वसाहतीमुळे त्याचे नाव शहरभर ठाऊक झाले आहे. श्रोतेहो, भावनांच्या मानसशास्त्राविषयी बोलण्याचे कबूल करून मी आपणांस या फलाटावर का आणून उभे करीत आहे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. कारण असे की, भय, क्रोध आणि परोपकार या तीन वृत्तींच्या ज्या उपपत्ती पाश्चात्त्य पंडितांनी प्रयोगशाळांतून मांडल्या, त्यांची कसोटी पाहावयास सुरतेइतके सोयीचे शहर आपल्या शेजारी दुसरे नाही. आणि या शहराच्या इतिहासात तापीचा उत्तर काठ हा पूर्वापार पळणाऱ्यांचा काठ आहे.

५ जानेवारी १६६४ रोजी सुरतेत वार्ता आली की, शिवाजी महाराज सैन्यासह गणदेवीपर्यंत येऊन ठेपले आहेत. शहराला तेव्हा भक्कम तट नव्हता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि रयत बायकापोरे घेऊन पळत सुटली. पुष्कळजण नदी ओलांडून पलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी महाराजांचा तळ बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत पडला. पुढे चार दिवस काय झाले ते मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. मात्र त्यांतील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

इनायतखानाने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण वकील पाठविला. बोलता बोलता त्याने खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. जवळच्या रक्षकाने वार करून त्याचा हात तोडला. पण झेपेचा जोर एवढा होता की तो तसाच महाराजांवर आदळला आणि दोघेही खाली कोसळले. महाराजांच्या अंगावर रक्त पाहून ‘घात झाला’ अशी समजूत पसरली, आणि कैद्यांची कत्तल करा असा ओरडा छावणीत उठला. इतक्यात महाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी सरसकट कत्तलीस मनाई केली. इंग्रजांच्या वखारीचा वृत्तान्त येथेच थांबत नाही. त्यानंतर काही कैद्यांना समोर आणून चौघांची डोकी व चोवीस हात तोडले गेले, असे तो सांगतो. तो भाग गाळून हा प्रसंग सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मला योग्य वाटत नाही. कत्तल थांबली हेही खरे आणि शिक्षा झाली हेही खरे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय क्रोधाचे स्वरूप कळणार नाही.

आता उपपत्तींकडे वळू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये एक विलक्षण मत मांडले. अस्वल पाहून आपण भितो आणि म्हणून पळतो, हा आपला समज उलटा आहे, असे तो म्हणाला. अस्वल दिसताच शरीर प्रथम थरारते व पाय धावू लागतात. त्या थरथरीची जी जाणीव मनाला होते, तिचेच नाव भय. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या लांगे याने जवळजवळ हेच मत स्वतंत्रपणे मांडले. १९२७ मध्ये शरीरशास्त्रज्ञ कॅनन याने त्यावर जबर आक्षेप घेतला. भय असो वा क्रोध असो, छाती तशीच धडधडते, तोंड तसेच कोरडे पडते. मग नुसत्या धडधडीवरून मनाला हे भय की हा क्रोध, ते कसे उमजावे? या प्रश्नाचे एक उत्तर १९६२ मध्ये शाख्टर आणि सिंगर यांनी प्रयोगाने देऊ केले. त्यांनी काही विद्यार्थ्यांना छातीची धडधड वाढविणारे औषध टोचले. औषधाचा परिणाम काय होईल हे काहींना खरे सांगितले, काहींना सांगितले नाही. मग त्यांच्याजवळ कधी आनंदाने नाचणारा तर कधी संतापाने चडफडणारा एक सोंगाड्या आणून बसविला. आपल्या धडधडीचे कारण ज्यांना ठाऊक नव्हते, ते शेजारच्या माणसाच्या भावनेकडे अधिक झुकले, असा निष्कर्ष निघाला. शरीराची खळबळ एक, तिला आपण लावलेला अर्थ दुसरा, आणि दोहोंच्या संयोगातून भावना, असे हे मत आहे. नंतरच्या संशोधकांना त्या प्रयोगाचे निकाल जसेच्या तसे पुन्हा मिळाले नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही अर्थाचा मुद्दा टिकून राहिला. आपल्या भरतमुनींनी विभावावाचून रसाची निष्पत्ती मानली नाही, याची येथे आठवण होते; मात्र ते नाट्याविषयी बोलत होते, छावणीविषयी नव्हे, हे ध्यानात ठेवून मी ती तुलना येथेच सोडून देतो.

बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर जे घडले ते या मताने चांगले उलगडते. ‘राजे मारले गेले’ हा अर्थ होता तोवर कत्तल न्याय्य वाटत होती. राजे उठून उभे राहताच अर्थ पालटला. सैनिकांची छाती काही त्या क्षणी शांत झाली नसणार. पण त्या खळबळीला आता तीच वाट उरली नाही.

फ्रेंच प्रवासी बर्निये याने या स्वारीविषयी आणखी एक नोंद केली आहे. डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर महाराजांनी लुटू दिले नाही, कारण तो हयातीत फार दानशूर होता असे त्यांना सांगण्यात आले. हा दलाल म्हणजे मोहनदास पारेख. कापुचिन पंथाच्या पाद्र्यांच्या मठालाही उपद्रव झाला नाही. धनाढ्य म्हणून जे घर लुटीच्या यादीत पहिले यावयाचे, ते धन्याच्या मागे उरलेल्या दानाच्या कीर्तीने वाचले!

मग आक्रमण हे माणसाच्या रक्तातच आहे काय? फ्रॉइडने १९२० मध्ये विनाशाची मूळ प्रेरणा कल्पिली. प्राणिशास्त्रज्ञ लोरेन्झ याने १९६३ मध्ये आक्रमणवृत्ती ही सहजप्रवृत्तीच आहे असे प्रतिपादन केले. याउलट डोलार्ड आणि त्याच्या येल विद्यापीठातील सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये म्हटले की, इच्छेच्या वाटेत अडथळा आला, वैफल्य आले, की त्यातून आक्रमण उपजते. १९६१ मध्ये बांडुराने दाखविले की, मोठ्या माणसाला बाहुली बडविताना पाहिले की लहान मूलही तशीच बडविते. या मतांपैकी एकही मला सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. पण त्यांतील एकही एका प्रश्नाचे उत्तर देत नाही. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एका भागात रक्तपात होतो आणि दुसरा भाग शांत राहतो, तो का?

हा प्रश्न सुरतेनेच विचारला. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि सुरतेत भीषण दंगल उसळली. बळी पडलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. पण ज्या जुन्या शहरात हिंदू-मुसलमानांची घरे पिढ्यान्‌पिढ्या दाटीने उभी आहेत, तेथे हानी फार थोडी झाली. हत्या झाल्या त्या प्रामुख्याने यंत्रमागांच्या भोवती वाढलेल्या नव्या उपनगरी झोपडवस्त्यांत. दक्षिण गुजरातच्या मजुरांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९९३ मध्ये या दंगलीवर लिहिताना त्या वस्त्यांतील जिण्याकडे बोट दाखविले. तेथे दीर्घ पाळ्या होत्या, कुटुंबावाचून एकेका खोलीत कोंबलेले पुरुष होते, आणि उद्याच्या कामाची शाश्वती नव्हती. वैफल्याच्या उपपत्तीला येथे भरपूर आधार मिळतो. या मजुरांत ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे जसे होते, तसे तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेले आपले खानदेशी बांधवही होते. लिंबायत, उधना या भागांत अहिराणी आजही रस्त्यावर ऐकू येते. ते ज्या वस्त्यांत राहत होते, त्यांच्या कथेपासून मराठी श्रोत्याने स्वतःला वेगळे काढू नये.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अहमदाबाद व सुरत यांची जोडी घेऊन हाच प्रश्न तपासला. त्यांचे उत्तर साधे असले तरी आपल्या गोड समजुतींना धक्का देणारे आहे. एकमेकांच्या घरी जेवणे, सणाला मिठाई पाठविणे, मुलांनी एकत्र खेळणे यांनी सलोखा जोपासला जातो, पण मोठ्या शहरात संकटसमयी तेवढे पुरत नाही. टिकतात ती संघटित नाती. व्यापाऱ्यांच्या मंडळातली, धंद्यातल्या देण्याघेण्याची, मोहल्ल्यातल्या शांतता समितीची. जुन्या सुरतेत अशी नाती होती. अफवा आली तर खरे-खोटे विचारावयास दुसऱ्या समाजात ओळखीचा माणूस होता, आणि दंगल झाली तर दोघांचाही धंदा बुडत होता. नव्या वस्त्यांत शेजार होता, पण असे बंध नव्हते.

अफवेचा उल्लेख आला म्हणून एक भारतीय संशोधन सांगतो. आपल्याकडे त्याची आठवण कमी काढली जाते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागांत धक्का जाणवला पण हानी झाली नाही, तेथे आणखी भयंकर प्रलय येणार अशा वावड्या उठल्या होत्या. लोक आधीच भ्याले होते. अफवा त्यांना भिण्याचे कारण पुरवीत होती! पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत फेस्टिंगर याने आपली सुप्रसिद्ध विसंगतीची उपपत्ती मांडताना या निबंधाचा आधार घेतला.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत हेच दृश्य दिसले. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगची वार्ता होती. सुरतेत तो फुफ्फुसाच्या प्लेगच्या रूपाने प्रकटला. काही माणसे अचानक दगावताच प्रथम आवई उठली ती पाण्यात विष कालविल्याची. मृत्यूंची संख्या अखेर पन्नासाच्या आसपास राहिली, पण काही दिवसांत कित्येक लाख माणसे गाड्या भरभरून शहर सोडून गेली. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका मात्र रुग्णांजवळ राहिल्या. हे सारे पाहून ‘संकटात मनुष्य स्वार्थी होतो’ असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु याच शहराने १२ वर्षांनी दुसरी साक्ष दिली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांनी खालच्यांना आसरा दिला, गच्च्यांवर एकत्र चुली पेटल्या. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या क्वारन्टेली प्रभृती अमेरिकन समाजशास्त्रज्ञांना यात नवल वाटणार नाही. त्यांनी १९५० नंतरच्या काळात शेकडो आपत्ती तपासून हेच सांगितले आहे की, बेभान पळापळ विरळ असते आणि बुडणाऱ्याला पहिला हात बहुधा शेजाऱ्याचाच मिळतो.

मग १९९४ ची माणसे आणि २००६ ची माणसे निराळी होती काय? नव्हती. छातीची धडधडही तीच. पालटला होता तो शेजाऱ्याचा अर्थ. पुरात शेजारी हा दोर धरणारा असतो. प्लेगमध्ये त्याचा श्वास हेच मरण असते. दंगलीत तर तो ‘त्यांच्यातला’ होऊन जातो. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा रस्त्यात खून झाला आणि अडतीसजण नुसते पाहत राहिले, अशी बातमी गाजली. तो आकडा फुगविलेला होता हे पुढे सिद्ध झाले. पण त्यातून प्रेरणा घेऊन लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये जे प्रयोग केले, ते मोलाचे ठरले. पाहणारे जितके अधिक, तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते. मात्र पुढील संशोधनात असेही आढळले की, पाहणारे एकमेकांचे परिचित असले तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो.

म्हणून पुन्हा कोसाडला येतो. वेगवेगळ्या झोपडवस्त्यांतून उठविलेली कुटुंबे जेव्हा अशा नव्या वसाहतीत येतात, तेव्हा त्यांना पक्के छप्पर मिळते, नळ मिळतो, आणि ते लहान सुख नव्हे. परंतु जुन्या गल्लीतील भिशी, गणपतीचे मंडळ, उधारीवर पीठ देणारा वाणी, रात्री-अपरात्री रिक्षा काढणारा ओळखीचा माणूस, यांचे वाटप कोणत्याच कागदावर होत नाही. नव्या इमारतीत जिन्यातला दिवा गेला, पाण्याचा पंप बंद पडला, कचऱ्याची गाडी आली नाही, की निरनिराळ्या भाषांची नि धर्मांची माणसे तक्रार घेऊन एकत्र जमतात. त्यांच्यातला कोणीतरी वह्या घेऊन वर्गणी गोळा करू लागतो. वार्ष्णेय यांनी जुन्या सुरतेत जे बंध मोजले, त्यांचा आरंभ याहून फारसा भव्य नसावा.