वेलरोपांचे संरक्षण (धार व देवास)

दुधी, दोडका, कारले, घोसाळे यांच्या कोवळ्या वेलींना हिवाळ्यातील गारठ्यापासून व उन्हाळ्यातील झळांपासून जपण्याच्या पद्धती. मध्य प्रदेशातील या दोन्ही जिल्ह्यांचा उत्तर भाग माळव्याच्या पठारावर आहे. विंध्याचा घाट उतरला की नर्मदाखोरे लागते. सुमारे ५५० मी. उंचीवरील धार शहरात हिमतुषाराची (स्थानिक ‘पाला’) धास्ती असते. खाली मनावर, धरमपुरी किंवा देवास जिल्ह्यातील नेमावर येथे थंडी सौम्य असते. म्हणून जिल्ह्याच्या नावावरून लागवडीचा महिना ठरवू नये. जमीन घाटावर की घाटाखाली, हे आधी पाहावे.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमिनीतील ऊब रात्रीत निघून जाते व गार हवा सखल जागी साचते. पेशींभोवतीचे पाणी गोठून पाने उकडल्यासारखी काळवंडतात. काकडीवर्गीय रोपांना तर १० अंश सेल्सिअसखालचा गारठाही बाधतो. संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते. रोपांवर कामट्यांच्या कमानी करून गोणपाट किंवा प्लास्टिक ताणावे. ते पानांना टेकू देऊ नये, कारण टेकलेले पानच आधी गोठते. ऊन चढताच आच्छादन उघडावे. शेताच्या कडेला धूर करण्याची चाल जुनी आहे, पण ओलावा व आच्छादन यांचा भरवसा अधिक. पठारावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे जानेवारीत पिशव्यांमध्ये आडोशाला रोपे करून दोन-चार पानांवर, फेब्रुवारीत, ती बाहेर लावणे. गारठ्याच्या माराने काळवंडलेला वेल लगेच छाटू नये. खालचा डोळा फुटतो का, ते थंडी सरल्यावर कळते.

एप्रिल-मे महिन्यांत धोका पानांइतकाच मुळांना असतो. येथील काळी माती वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. बुंध्याभोवती गव्हाच्या काडाचा किंवा सोयाबीनच्या भुसाऱ्याचा जाड थर दिल्यास ओल टिकते, भेगा कमी पडतात. पाणी पहाटे द्यावे. पश्चिमेला मक्याची दाट ओळ असल्यास लू (उन्हाळी उष्ण वारा) अडते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीलगत मात्र रोप लावू नये. ती रात्रीही धगधगते. तापलेल्या तारेने कोवळे तणावे करपतात, म्हणून सुरुवातीला आधार सुतळीचा द्यावा. उन्हापासून जपण्यासाठी बांधलेली सावलीची जाळी पाऊस स्थिरावताच काढावी, नाहीतर वेल लांबट वाढतो व फुले कमी धरतो.